जुने फोटो आणि कागद यांची नोंद कशी करावी

वाड्याच्या माळ्यावरून ट्रंक खाली आली की हात आधी फोटो निवडायला जातो. तो आवरा. ट्रंक उघडल्याबरोबर आहे तशी मोबाइलवर टिपून घ्या. मुंजीचे फोटो, भाडेपावत्या आणि पत्रं एकाच दोऱ्यात बांधलेली असतील, तर ती एका घरची, एका काळची असल्याचा पुरावा तो दोराच आहे. ‘फोटो इकडे, कागद तिकडे’ केलं की तो गेला. वेगळं ठेवणं भागच असेल तर गठ्ठ्याचा क्रमांक दोन्हीकडे लिहा.

क्रमांक साधा हवा. २०२५-०१४-००७ म्हणजे २०२५ मधल्या चौदाव्या देणगीतला (एका घराकडून संग्रहाला मिळालेल्या सामानातला) सातवा नग. स्कॅनच्या फाइललाही हेच नाव द्या. क्रमांकात ‘मंडई’, ‘गणपती’ असे विषय घालू नका. विषय चुकीचा निघाला तर क्रमांकही बदलावा लागतो.

फोटो कडांना धरा. काचेवर उलटा ठेवून मागच्या कोपऱ्यात २बी पेन्सिलने, अजिबात जोर न देता क्रमांक लिहा. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. प्लास्टिकचा थर असलेल्या अलीकडच्या फोटोंवर पेन्सिल उठत नाही. तिथे पाकिटावर आधी लिहा, मग फोटो आत सरकवा. सेलोटेप, स्टेपल, लॅमिनेशन नकोच. पावसाळ्यात दमटपणाने फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होऊन फ्रेमच्या काचेला चिकटतो. असा फोटो ओढला तर चेहरा काचेवर राहतो, म्हणून काचेसकटच स्कॅन करा.

स्कॅन फोटोसाठी ६०० डीपीआय, कागदासाठी ४००, टिफ (TIFF) या फाइल-प्रकारात. कृष्णधवल फोटोही रंगीत मोडमध्येच घ्या, नाहीतर शाई, शिक्का आणि पिवळेपणा यांतला फरक हरवतो. मागची बाजू प्रत्येक वेळी घ्या. स्टुडिओचा शिक्का बहुधा तिथेच असतो.

खरी कसोटी वर्णनाची. तीन रकाने करा: लिहिलेलं, दिसणारं, आपला अंदाज. मागे ‘रे मार्केट, पूना’ असेल तर तसंच उतरवा आणि शेजारी ‘महात्मा फुले मंडई’ लिहा, म्हणजे दोन्ही नावांनी शोधता येईल. लकडी पूल आणि संभाजी पुलाचंही तेच. घरचे ‘पुराआधीचा’ (म्हणजे पानशेतच्या पुराआधीचा) म्हणाले, तर ‘१९६०’ लिहू नका. ‘घरच्यांच्या सांगण्यानुसार १२ जुलै १९६१ पूर्वीचा’ असं लिहा आणि कुणी, कधी सांगितलं तेही नोंदवा.

मोडी कागदांत सर्वांत जास्त चुका तारखांच्या होतात. शकात ७८ मिळवतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण १ जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांतली एक कालगणना, अरबी शब्दांत असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १००० = ११६१. हा सन मृगाला बदलतो, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवा: १७६०-६१, पानिपतचं साल. मूळ तारीख खोडू नका, इसवी तारीख शेजारी लिहा.

रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) बांधायला धुतलेलं, बिनरंगाचं सुती कापड घ्या. लाल कापडाचा रंग ओल लागली की कागदावर उतरतो. पीव्हीसीची पाकिटं टाळा. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणाऱ्या निगेटिव्ह लगेच वेगळ्या काढा, कारण त्यांची वाफ शेजारच्या निगेटिव्हही नासवते. स्कॅनिंगला पहिला नंबर त्यांचा लावा.