कॉलेज, ग्राउंड आणि आपली माणसं: टाइमटेबल तासांचं नको, थकव्याचं बनवा

आठवड्यात १६८ तास. झोपेचे रोज ८ धरले तर ५६ गेले, प्रॅक्टिस, जिम, मॅचेस आणि येणंजाणं मिळून ३०, लेक्चर-प्रॅक्टिकल २५, जेवणखाण-आंघोळ-कपडे वगैरेचे २०. म्हणजे कागदावर तरी ३७ तास उरतात. फर्स्ट इयरला मी हेच गणित मांडून भिंतीवर टाइमटेबल चिकटवलं होतं, रोज रात्री ८ ते १० अभ्यास. दोन आठवड्यांत ते बारगळलं, कारण ते दोन तास रिकामे होते खरे पण माझ्या अंगात काही शिल्लक नसायचं. ४०० मीटरचे रिपीट मारून, म्हणजे तेच अंतर पुन्हा पुन्हा जोरात धावून आलेल्या माणसाला एकच पान चारचारदा वाचावं लागतं, बोट ओळीवर फिरत असतं आणि डोक्यात काहीही शिरत नाही.

त्यामुळे कुठलंही टाइमटेबल बनवायच्या आधी एक आठवडा फक्त नोंद ठेवा. छोटी वही बॅगेत टाका आणि दिवसातून चार-पाच वेळा वेळ लिहून पुढे एकच शब्द लिहा: चालतंय, ढकलतंय किंवा बंद. म्हणजे डोकं कसं चालतंय ते. माझ्या वहीत सकाळी लेक्चरच्या आधी "चालतंय", दुपारच्या मोकळ्या तासाला पण "चालतंय", आणि संध्याकाळी प्रॅक्टिसनंतर सलग पाच दिवस "बंद" आलं. मी अभ्यास नेमका त्या "बंद"मध्ये कोंबत होतो आणि दुपारचा तास कॅन्टीनमध्ये घालवत होतो! मग अवघड विषय, गणितं, जिथे खरंच विचार लागतो ते सगळं प्रॅक्टिसच्या आधी आणलं, जर्नल उतरवणं, आकृत्या, मेल, बॅग भरणं ही कामं "ढकलतंय"मध्ये, आणि "बंद"मध्ये जेवण, घरी फोन, झोप. तास वाढले नाहीत पण मार्क वाढले. तुमची वही वेगळं सांगेल, सकाळी प्रॅक्टिस असेल तर सगळं उलटंसुद्धा होईल, म्हणून दुसऱ्याचं टाइमटेबल उचलू नका.

अभ्यासाची पद्धत पण बदलावी लागते. आपल्याला सलग चार तास मिळणारच नाहीत हे एकदा मान्य केलं की बरं. आणि त्यात तोटाही नाही, हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर विसरलं जातं, आणि तीच उजळणी थोडी थोडी करून काही दिवसांत विभागली तर कमी कष्टात लक्षात राहते. म्हणजे २५ मिनिटांचे तुकडे चालतात, फक्त त्या तुकड्यात नुसतं वाचत बसायचं नाही. पुस्तक मिटा, आठवेल ते कागदावर लिहा, मग उघडून काय सुटलं ते बघा. बसमध्ये वाचून मळमळत असेल तर शेजारच्याला प्रश्न विचारायला सांगा, आमच्या टीममध्ये हे छान चालायचं, बायोलॉजीवाल्याला कॉमर्सवाला प्रश्न-उत्तरं लिहिलेलं कार्ड बघून प्रश्न विचारायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तारखांची टक्कर. सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात परीक्षा, सबमिशन, टूर्नामेंट सगळ्या तारखा एकाच कॅलेंडरवर टाका आणि जिथे टक्कर दिसेल तिथे त्याच दिवशी बोला. सेकंड इयरला माझी प्रॅक्टिकलची परीक्षा आणि स्पर्धा एकाच दिवशी आली, मला महिनाभर आधी माहीत होतं आणि मी दोन दिवस आधी सांगायला गेलो. सरांनी नाही म्हटलं आणि बॅचेस लागून गेल्यावर त्यांच्या हातात तरी काय होतं. ती स्पर्धा मी सोडली, आजही त्याची हळहळ वाटते. नंतर मी साधा मेसेज पाठवायला लागलो: "सर, अमुक ते अमुक तारखेला स्पर्धा आहे, कॉलेजचं पत्र जोडलंय. त्या आठवड्यातलं सबमिशन मी आधीच्या शुक्रवारी देतो. प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचबरोबर करता येईल का?" यात तारीख आहे, पुरावा आहे आणि आपण काय करणार तेही आहे, सरांना फक्त हो किंवा नाही म्हणायचंय. "सर काहीतरी अॅडजस्ट करा ना" याला कोणी काय उत्तर देणार? आणि हेच कोचच्या बाबतीत, परीक्षेचा आठवडा त्यांना आधीच कळवा. बरेच कोच त्या दिवसांत लोड कमी करतात, पण परीक्षा कधी आहे हे त्यांना कोणी सांगितलं तर ना.

प्रॅक्टिस किती म्हणजे जास्त? अमेरिकेत कॉलेज स्पोर्ट्स चालवणाऱ्या एनसीएएचा नियम आहे की सीझनमध्ये आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, दिवसाला ४, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. प्रवास आणि फिजिओचा वेळ त्यात धरत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात तिथेही जास्तच होतं. तुमच्याकडे असा नियम नसेल तरी मोजून बघा, आणि सुट्टीचा तो एक दिवस तरी सोडू नका.

झोपेवर हात मारू नका, हे मी हात जोडून सांगतो. २०११ साली स्टॅनफर्डच्या बास्केटबॉल टीमवर एक अभ्यास छापून आला, ११ खेळाडूंनी पाच ते सात आठवडे रोज १० तास अंथरुणात राहायचा प्रयत्न केला आणि त्यांची स्प्रिंटची वेळ १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली, फ्री थ्रो ९ टक्क्यांनी सुधारले. खेळाडू थोडेच होते मान्य, पण २०१४ च्या आणखी एका अभ्यासात ८ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या शाळकरी खेळाडूंमध्ये दुखापतीचं प्रमाण १.७ पट दिसलं होतं. रात्री जागून वाचलेलं पेपरात तुटक आठवतं आणि दुसऱ्या दिवशी स्पाइक्स घालून उभं राहिलं की पाय जड, म्हणजे दोन्हीकडून गेलं. संध्याकाळी उशिरा कॉफी नको, प्यायलेल्यातलं निम्मं कॅफीन साधारण पाच तासांनीही शरीरात असतं.

खाण्याचं एवढंच, प्रॅक्टिस आणि लेक्चरमध्ये अंतर कमी असेल तर डबा आदल्या रात्रीच भरा.

आता आपली माणसं. मला हॅमस्ट्रिंगची, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूची दुखापत झाली, सहा आठवडे ग्राउंड बंद, आणि तेव्हा कळलं की टीमबाहेर माझं कोणीच नाही. वर्गातल्या मुलांशी दोन वर्षांत धड बोललो नव्हतो, कोणत्या बेंचवर जाऊन बसावं तेही कळेना. म्हणून खेळ जोरात चालू असतानाच एक तरी दोस्त असा ठेवा ज्याला तुमच्या टायमिंगशी काही घेणंदेणं नाही. आणि मन खचलं, ग्राउंडवर जायची भीतीच वाटायला लागली, झोप उडाली, तर त्याला आळस म्हणू नका, काउन्सेलरकडे जा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स टीम फायनल अर्ध्यावर सोडून बाहेर आली, हवेत असताना शरीराचं भान सुटत होतं म्हणून, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये तिने पुन्हा ऑल-अराउंड गोल्ड जिंकलं.

घरच्यांना किंवा जोडीदाराला "वेळ मिळाला की भेटू" असं सांगू नका, सीझनमध्ये तो वेळ मिळत नाही आणि समोरचा फोनकडे बघत बसतो. सीझनचं कॅलेंडर त्यांनाही पाठवा आणि आठवड्यातला एक वार, एक वेळ ठरवा, अर्धा तास असला तरी चालेल. तो वार मॅच आली तरच हलवायचा, आणि हलवताना पुढचा कुठला ते त्याच फोनवर सांगून टाकायचं.