व्हीलचेअरवर बसून वजन वाढतंय? या चुका टाळा

मज्जारज्जूला इजा झाल्यावर सगळ्यात फसवा आकडा बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा. इजेखालचे स्नायू आटतात, चरबी वाढते, आणि काटा मात्र जागचा हलत नाही. म्हणून इथे लठ्ठपणाची रेषा 30 वर नाही, 22 च्या आसपास धरतात. त्याहून भरवशाची साधी टेप. उताणं झोपून, श्वास सोडल्यावर, शेवटच्या बरगडीच्या लगेच खाली माप घ्या. 94 सेंटिमीटरच्या पुढे गेलं तर हृदयाचा धोका वाढलाय असं समजा.

वजन करतानाही घोळ होतो. चेअरसकट वजन करून नंतर नुसत्या चेअरचं वजा करायचं, पण कुशन आणि मागची बॅग दोन्ही वेळी सारखीच हवी. लघवीची पिशवी आधी रिकामी करा. अर्धा लिटर म्हणजे अर्धा किलो.

मोबाइलवरचे कॅलरी मोजणारे ॲप चालणाऱ्या माणसाचा हिशेब मांडतात. पॅराप्लेजियात (फक्त पाय, धड लुळे) दिवसाला किलोमागे साधारण 28, क्वाड्रिप्लेजियात (हातही लुळे) 23 कॅलरी, एवढाच ढोबळ अंदाज धरा. मात्र बेडसोअर उघडा असताना डाएट नको. जखम भरायला प्रथिनं लागतात.

‘दिवसभर चेअर ढकलतो, तोच व्यायाम’ हा गैरसमज फार मुरलेला आहे. घरातल्या घरात ढकलून दम वाढत नाही, खांदे तेवढे झिजतात. दम आणि ताकद वाढवायची तर आठवड्यातून दोनदा 20 मिनिटं धाप लागेल असा व्यायाम, शिवाय काम करणाऱ्या स्नायूंच्या प्रत्येक मोठ्या गटाचे तीन सेट, तेही दोनदा. चरबी आणि हृदयासाठी 30 मिनिटं, तीनदा. इजा टी-6 (छातीच्या भागातला सहावा मणका) किंवा त्यावर असेल तर नाडीवर जाऊ नका. क्वाड्रिप्लेजियात ती बऱ्याचदा 110 ते 130 च्या वर चढतच नाही. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा जोर पुरे.

खांदा दुखायला लागला की आधी ढकलण्याची पद्धत बघा. रिमला (चाकाबाहेरची, हाताने ढकलायची कडी) छोटे छोटे झटके देणं ही नेहमीची चूक. रिम मागून पकडून लांब, सलग ढकला, सोडा, आणि हात रिमच्या खालून गोलाकार मागे आणा. हात रिमच्या माथ्यावर असताना कोपराचा कोन 100 ते 120 अंश हवा. नसेल तर सीटची उंची चुकली आहे. टायरमधली हवाही तपासा, कारण मऊ टायरची किंमत खांदा मोजतो. जिममध्ये बेंच प्रेस कमी, मागे ओढायचे व्यायाम जास्त.

टी-6 किंवा त्यावरच्या इजेत व्यायाम करताना अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला तर तो थकवा समजून रेटू नका. हा ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया असू शकतो: इजेखाली काही खुपलं, तुंबलं की रक्तदाब धोकादायक चढतो. ताठ बसा, पट्टे सोडा, कॅथेटर (लघवीची नळी) पिळलाय का, पिशवी भरली आहे का ते बघा. काही मिनिटांत उतरलं नाही तर थेट दवाखाना. घाम न येणाऱ्यांनी पंखा आणि पाण्याचा स्प्रे जवळ ठेवावा.

वजन उतरल्यावरची चूक कुणी सांगत नाही: कुशन जुन्याच वजनाला बसवलेलं राहतं. हवेचं कुशन असेल तर बसल्यावर सीटच्या हाडाखाली हात सरकवा. हाड आणि तळ यांत दीड ते अडीच सेंटिमीटर हवा हवी. त्या आठवड्यात आरशाने कातडी रोज दोनदा बघा.