ग्रामपंचायतीची खरेदी आणि कामं तपासताना या चुका टाळा

पाच वर्षं मी गावच्या ग्रामपंचायतीत सदस्य होतो. पहिल्याच वर्षी पथदिव्यांच्या खरेदीचा विषय आला. टेबलावर तीन कोटेशनं होती. ज्याचा दर कमी त्याला मंजुरी द्यायची आणि सही करायची, एवढंच काम. मीही सही केली. घरी येऊन झेरॉक्स पाहिली तर तिन्ही कागदांवर ‘पथदिवे’ हा शब्द ‘पथदीवे’ असाच छापलेला. दुकानं तीन, शिक्के तीन आणि चूक एकच. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण खाली माझी सही होती.

विदर्भात भ्रष्टाचाराचा विषय निघाला की लोक गोसीखुर्द धरणावर जातात. 1983 साली 372 कोटींचा धरलेला प्रकल्प पुढे अठरा हजार कोटींच्या वर गेला, त्यातल्या कंत्राटांची लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने चौकशीही केली. असे आकडे ऐकून माणूस हात टेकतो. पण आपल्या गल्लीतला सिमेंट रस्ता, अंगणवाडीची बाकं, पांदण रस्त्यावरचा मुरूम हे सगळं आपल्या डोळ्यांसमोर होतं. ते तपासायला कुणाची परवानगी लागत नाही. चुकतं ते एवढंच की आपण उशिरा जागे होतो.

बिल निघाल्यावर तक्रार करणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. रस्ता उखडला की आपण ओरडतो, पण तोवर अभियंत्याने मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, नोंद केलेली असते आणि पैसे गेलेले असतात. एमबी होण्याआधी जागेवर असायला हवं.

सिमेंट रस्त्याचंच घ्या. अंदाजपत्रकात जाडी पंधरा सेंटिमीटर लिहिलेली असते. काम झाल्यावर लोक कडेला टेप लावतात आणि जाडी बरोबर भरते. मग खोट कुठे असते? मधे. कडेला पूर्ण जाडी ठेवतात आणि मधला मुरूम वर उचलून घेतात, तिथे काँक्रीट जेमतेम आठ-दहा सेंटिमीटर पडतं. वरून काहीच दिसत नाही. म्हणून काँक्रीट ओतायच्या आधी जा. काँक्रीट अडवायला कडेला पाट्या लावतात, त्यातल्या एका बाजूच्या पाटीवरून दुसऱ्या बाजूच्या पाटीपर्यंत दोरी ताणा आणि मधोमध दोरीपासून खालच्या थरापर्यंत टेप सोडा. तीन-चार ठिकाणी मोजा, मोबाईलवर फोटो काढा. पाच मिनिटांचं काम आहे. आमच्या गावात दोन तरुण पोरांनी एकदा असं मोजलं आणि ठेकेदाराने त्याच दुपारी मुरूम काढून घेतला.

फक्त दर पाहणं

कमी दर म्हणजे चांगली खरेदी, असं नसतं. मागणीपत्रात नुसतं ‘एलईडी दिवा’ लिहिलं असेल तर कसलाही दिवा चालतो. किती वॅटचा, कोणत्या मानकाचा, वॉरंटी किती वर्षांची, बिघडल्यास कोण बदलून देणार, हे आधीच लिहून घ्या. याच्या उलटही होतं. मागणीपत्रात एवढ्या बारीक अटी घालतात की एकच दुकानदार बसावा. दोन्ही ठिकाणी खोट खरेदीच्या आधीच झालेली असते. माल आल्यावर तो साठा नोंदवहीत चढला का आणि दिवे खांबावर लागले का, हेही मोजा.

काम तोडलं जातंय का, याकडेही लक्ष असू द्या. ठरावीक रकमेच्या वरच्या कामाला ई-निविदा, म्हणजे ऑनलाइन टेंडर, काढावी लागते आणि ती मर्यादा शासन निर्णयाने ठरते. एकच नाली तीन तुकड्यांत, एकाच महिन्यात, प्रत्येक तुकडा मर्यादेच्या थोडा खाली, असं दिसलं तर तिन्ही तुकड्यांची अंदाजपत्रकं एकत्र मागा.

माहिती अधिकारात भांडण लिहिणं

‘रस्त्यात भ्रष्टाचार का झाला?’ असा अर्ज कितीही तळमळीने लिहिला तरी त्यातून काही हाती लागत नाही. हा कायदा कागद देतो, खुलासा नाही. म्हणून कागदांची नावं लिहा: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, दरांचा तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, एमबी. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर, 150 शब्दांच्या आत लिहायचा आणि शुल्क दहा रुपये. उत्तराची मुदत 30 दिवसांची. फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे 2005 च्या या कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. नमुने मागा.

अर्जाआधी ई-ग्रामस्वराज संकेतस्थळ उघडा. गावचा आराखडा आणि खर्च तिथे लॉगिनशिवाय दिसतो.

नात्यापुढे गप्प बसणं

सदस्याचा ग्रामपंचायतीच्या कामात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 खाली तो अपात्र ठरू शकतो. निर्णय जिल्हाधिकारी देतात. ‘आपलाच माणूस आहे, जाऊ द्या भाऊ’ म्हणत आम्ही कितीतरी ठराव होऊ दिले, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

बिलासाठी कुणी टक्का मागत असेल तर ठेकेदारानेही देऊन मोकळं होऊ नये. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवणाऱ्याला संरक्षण आहे. लाचलुचपत विभागाचा टोल फ्री क्रमांक 1064.

ग्रामसभेत आक्षेप घेतला तर तो प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, लिहिला गेला का, ते सही करण्याआधी मोठ्याने वाचून घ्या. लिहायला नकार दिला तर तोच आक्षेप साध्या कागदावर लिहा, दुसऱ्या दिवशी कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.