झडीत घर कोंडून घेऊ नका

आषाढात झड लागली की देवगड-मालवणच्या किनाऱ्यावर आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. पारा फारसा उतरत नाही, पण ओल्या अंगाला खाडीवरचा वारा लागला की हुडहुडी भरते. मग आपण सगळी दारं-खिडक्या लावून घेतो. स्वयंपाकाची वाफ, ओले कपडे, माणसांचा श्वास, सगळं आत कोंडतं आणि कपाटामागच्या भिंतीवर बुरशी होऊन उगवतं. आजी ओरडायची, ‘दारां उघडी ठेय गो, घराक वारो लागांदे.’ पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, तेव्हा त्या अंगाच्या खिडक्या लावा आणि मागीलदारची एक तरी उघडी ठेवा.

बंद खोलीत शेगडी

ही चूक जिवावर बेतते, म्हणून आधी तिच्याबद्दल. बाळंतिणीच्या खोलीत शेकाला निखारे ठेवायचे, त्यांवर टोपली पालथी घालून दुपटी सुकवायची, आणि गारठा आत येऊ नये म्हणून दाराला कडी! रसरसलेल्या निखाऱ्यांचा धूर दिसत नाही, पण त्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झापड येते, आणि माणसाला वाटतं की ऊब लागली म्हणून झोप येतेय. अशा खोलीत एकाहून जास्त माणसांचं डोकं एकदम दुखू लागलं, तर आधी सगळ्यांना बाहेर पडवीत आणा, मग दवाखाना गाठा. शेक घेऊन झाला की शेगडी खोलीबाहेर गेलीच पाहिजे. रात्रभर आत ठेवायची नाही, राख धरलेली असली तरी नाही.

दुपटी सुकवायला पंखा बरा. मशीनमध्ये कपडे दोनदा पिळून घ्या, दोरीवर एकावर एक न टाकता सुटे पसरा, पंखा आणि खिडकी दोन्ही चालू-उघडी ठेवा. शेवटची दमट इस्त्रीने काढा. ‘जवळजवळ सुकलेला’ कपडा घडी करून कपाटात गेला की शेजारच्या चार कपड्यांनाही कुबट वास लागतो.

भिंत आणि डबे

भिंतीचा चिरा, म्हणजे जांभा दगड, पाणी पितो. पावसाच्या अंगाच्या भिंतीला जुनी माणसं बाहेरून नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं बांधायची ती त्यासाठीच. त्या भिंतीला कपाट चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. ओल दिसली म्हणून श्रावणात रंग काढायलाही जाऊ नका, फुगे येऊन पापुद्रे सुटतील. भिंत दिवाळीनंतर सुकू द्या. बुरशी कोरड्या फडक्याने झाडली तर घरभर उडते, साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणून सुके बोंबील आणि सोडे यांवरच घराची मदार. दमटले म्हणून ते तव्यावर गरम करून तसेच डब्यात भरले, तर आतल्या वाफेनेच त्यांना बुरशी येते. पूर्ण गार करा, लगेच झाकण घट्ट लावा. रवा-पोह्यांचंही तेच.

ईएलसीबी सारखा पडतोय

ईएलसीबी म्हणजे वीज गळू लागली की घराची वीज तोडणारा स्विच. झडीत हा हमखास पडतो, आणि वैतागून कुणी तरी त्याला वगळून थेट जोडणी करतं. असं अजिबात करू नका. घरातला ईएलसीबी साधारणपणे ३० मिलीअँपिअर गळतीलाच वीज तोडतो, आणि ओल्या भिंतीला हात लागलेल्या माणसाला तोच वाचवतो. सगळे एमसीबी, म्हणजे एकेका लाइनचे स्विच, खाली करा, ईएलसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्याच्यावर पुन्हा पडेल, त्या लाइनवर गळती. बहुतेकदा विहिरीवरचा पंप, अंगणातला दिवा किंवा गिझर निघतो. तेवढी लाइन बंद ठेवून वायरमनला बोलवा.

लावणीनंतरचा ताप

‘भिजलो म्हणून कणकण आली’ असं म्हणत काढा घेऊन तीन दिवस घालवणं, ही चूक मी दर वर्षी पाहतो. शेतातल्या साचलेल्या पाण्यात उंदरांच्या, गुरांच्या मूत्रातून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू येतात आणि चिखल्यांनी फुटलेल्या बोटांच्या बेचक्यांतून अंगात शिरतात. ताप साधारण ५ ते १४ दिवसांनी येतो, तोवर लावणी विसरलेली असते. ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं, असं दिसलं की त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि ‘चिखलात काम केलंय’ हे आपणहून सांगा. लघवी कमी झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर रात्र असली तरी निघा.