कमी गाठींच्या, सरळ लाकडासाठी कोवळ्या जंगलात अंतर कसे राखावे

फळीवर दिसणारी प्रत्येक गाठ म्हणजे खोडात गाडली गेलेली फांदी. तिची जाडी झाड लहान असतानाच ठरते आणि ती बव्हंशी शेजारचे झाड किती जवळ आहे यावर अवलंबून असते. पुढे कितीही निगा राखली तरी ती गाठ निघत नाही.

म्हणून लागवड दाट करा. २ बाय २ मीटरवर हेक्टरी २५०० झाडे बसतात, ३ बाय ३ वर सुमारे ११००. दाटीत खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही, त्या बारीक असतानाच वाळतात. विरळ लावलेले झाड लवकर जाड होते, हे खरे. पण फांद्याही जाडावतात, खोड वर निमुळते होते आणि चिरताना बरेच लाकूड वाया जाते. पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांत तर गाभ्याजवळचे कोवळे लाकूडही वाढते. ते हलके असते आणि वाळताना पिळते. ओकचे तसे नाही: तिथे रुंद वलयांचे लाकूड उलट घट्ट भरते. आपले झाड कोणते, हे आधी पाहा.

मग मोजणी. ५.६४ मीटर दोरीचे एक टोक मध्यभागी धरून वर्तुळ आखा, म्हणजे १०० चौरस मीटर जागा झाली. आतली झाडे मोजून १०० ने गुणा, हेक्टरी आकडा मिळेल. अशी वर्तुळे बऱ्याच ठिकाणी आखा.

विरळणीची, म्हणजे दाटीतली काही झाडे काढण्याची, वेळ झाडाचा शेंडाच सांगतो. हिरवा पर्णसंभार उंचीच्या वरच्या एक तृतीयांशापुरताच उरला, की उशीर होऊ लागला समजा. सूचिपर्णी झाड १२ मीटर उंच आणि छातीच्या उंचीवर जेमतेम १२ सेंटीमीटर जाड असेल, तर ते वाऱ्यात मोडण्याइतके काटकुळे झाले आहे. असे रान एकदम मोकळे करू नका.

तोडण्याआधी ठेवायची झाडे रंगाने खुणावा: सरळ, एकशेंडी, बारीक फांद्यांची. त्यांच्या शेंड्याला भिडणारे शेजारी काढा. दुबेळकी आणि वाकडी झाडेही काढा, पण खुणावलेल्यांना अडथळा नसलेली खुजी झाडे राहू द्या. त्यांच्या सावलीने खोड स्वच्छ राहते.

वाळलेली फांदी खोडाला चिकटून राहिली तर फळीत सैल गाठ येते आणि ती निखळून भोक पडते. अशा फांद्या बुडाच्या फुगवट्याबाहेर, फुगवट्याला धक्का न लावता कापा. विरळणीनंतर अचानक ऊन लागून काही रुंदपर्णी झाडांच्या खोडावर नवे धुमारे फुटतात. ते कोवळे असतानाच खुडून टाका.