सूत्र पाठ, तरी उत्तर चूक: अंकगणिती श्रेढीत या चुका टाळा

अंकगणिती श्रेढी म्हणजे दर वेळी तोच फरक मिळवत गेलेली आकड्यांची (पदांची) रांग. दहावीची मुलं माझ्याकडे शिकवणीला येतात तेव्हा तिची दोन्ही सूत्रं त्यांना घडाघडा येत असतात: n वं पद = पहिलं पद + (n − १) × फरक, आणि n पदांची बेरीज = n ÷ २ × (पहिलं पद + शेवटचं पद). तरी उत्तर चुकतं. वही उघडून बघावं तर गुणाकार-भागाकार बरोबर असतात, गडबड असते ती पदं मोजण्यात.

एक कमी का करायचा?

चर्चगेटहून स्लो लोकल पकडा आणि बोटांवर मोजा: चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, लोअर परळ, प्रभादेवी, दादर. स्टेशनं नऊ. पण गाडी दोन स्टेशनांमधलं अंतर किती वेळा कापते? आठ वेळा. नववं पद काढताना फरक आठदाच मिळवायचा तो यासाठी. पहिल्या स्टेशनावर तुम्ही आधीच उभे असता. सूत्रातला 'उणे एक' हाच, पाठ करायची गरजच नाही.

याच्या उलट चूक तारखांमध्ये होते. समजा १ जूनला ५ रुपये बाजूला टाकले, रोज २ रुपये वाढवत गेलो, ३० सप्टेंबरला थांबलो. दिवस किती? तारखांची वजाबाकी करणारे १२१ म्हणतात. महिन्यांचे दिवस मांडा: ३० + ३१ + ३१ + ३० = १२२. पहिला आणि शेवटचा, दोन्ही दिवस धरायचे असतात.

आता शेवटच्या दिवशीचे पैसे: ५ + १२१ × २ = २४७ रुपये. एकूण जमा: १२२ ÷ २ × (५ + २४७) = १५,३७२. प्रश्नात 'शेवटच्या दिवशी किती' आहे की 'एकूण किती', हे न वाचता सूत्र लावणारे इथे हमखास अडकतात. (पाच रुपयांनी सुरू झालेली बचत पावसाळा संपता संपता रोजच्या २४७ वर जाते, हे असा संकल्प करणाऱ्यांनी आधी बघायला हवं होतं.)

घटती श्रेढी आणि पतपेढीचं कर्ज

एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी पतपेढीतून ६०,००० रुपये घेतले होते. व्याज महिना १ टक्का, उरलेल्या मुद्दलावर. मुद्दलाची फेड दरमहा ५,००० प्रमाणे बारा महिने. एकूण व्याज किती, हे घरी तिनेच काढायला घेतलं.

आधी तिने ६०,००० चे वर्षाचे १२ टक्के काढले: ७,२००. हे फ्लॅट रेटचं गणित. त्यात मुद्दल कमी होतंय याचा पत्ताच नाही. मग श्रेढी मांडली, फरक ५० घेतला, उत्तर आलं १०,५००! मी विचारलं, "अगं, हप्ते भरत जावं तसं व्याज वाढत जाणारी पतपेढी कुठली?" ती हसली आणि स्वतःच म्हणाली, "सर, फरक उणे आहे."

पहिल्या महिन्याचं व्याज ६००, दुसऱ्याचं ५५०, तिसऱ्याचं ५००. फरक नेहमी पुढच्या पदातून मागचं पद वजा करून काढायचा, मोठ्यातून लहान नव्हे. बाराव्या महिन्याला ६०० − ११ × ५० = ५०. शेवटचं पद शून्य येत नाही, कारण शेवटच्या महिन्यात ५,००० अजून शिल्लक असतात. ते शून्य धरलं की पदं तेरा होतात. बेरीज तीच राहते, पण बारा महिन्यांच्या कर्जाला तेरावा महिना उगवतो. एकूण व्याज १२ ÷ २ × (६०० + ५०) = ३,९००. फ्लॅट रेटच्या मानाने ३,३०० रुपये कमी. कर्ज घेताना 'व्याज फ्लॅट की घटत्या शिलकेवर' हे विचारा.

पहिलं पद कुठलं?

१ फेब्रुवारी २०२५ ला लागू झालेल्या दरानुसार मुंबईत रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये, पुढे दर किलोमीटरला १७.१४. अंधेरीत ५ किलोमीटर गेलो तर २६ + ४ × १७.१४ = ९४.५६? नाही. ते २६ रुपये पहिल्या दीड किलोमीटरचे आहेत, एकाचे नव्हेत. साडेतीन किलोमीटर उरले: २६ + ३.५ × १७.१४, म्हणजे ८६ रुपये. पहिलं पद कशाचं आहे ते आधी वाचा.

श्रेढी आहे का, हेच न तपासणं

भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांचा, दर नव्या कराराला दहा टक्के वाढ. २०,०००, मग २२,०००. पुढचं २४,००० लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. खरा आकडा २४,२००, त्यापुढे २६,६२०. फरक बदलतोय, म्हणजे ही अंकगणिती श्रेढी नाही; दर वेळी १.१ नेच गुणलं जातंय, म्हणून ही भूमिती श्रेढी. पहिल्या दोन पदांवरून काहीच ठरत नाही, निदान तीन तरी हवीत.

उत्तर विचित्र आलं तर

७, १२, १७… यात १०० आहे का? पदसंख्या १९.६ येते. तुम्ही चुकला नाहीत, १०० त्यात नाहीच. पदसंख्या अपूर्णांकात आली की उत्तर 'नाही'.

२० + १८ + १६ + … ची बेरीज ९० केव्हा होते? पदसंख्या ६ किंवा १५. मुलं घाबरून एक खोडतात. दोन्ही बरोबर आहेत: सातव्या पदापासून पंधराव्यापर्यंत ८, ६, ४, २, ०, −२, −४, −६, −८, बेरीज शून्य. मात्र हेच आकडे रोज खिशातून काढायच्या रुपयांचे असतील तर ६ एवढंच घ्या. उणे आठ रुपये खिशातून कुणी काढत नाही.