फोंटानेची ‘एफी ब्रीस्ट’ वाचायला घेताना

जर्मन लेखक थिओडोर फोंटानेची पहिली कादंबरी १८७८ साली आली, तेव्हा त्याचं वय ५८. औषधविक्रेता, पत्रकार, नाट्यसमीक्षक हे सगळं करून मग कादंबरी. त्याची पुस्तकं क्रमाने वाचायचा हट्ट धरू नका. पहिलीच इतकी जाडजूड आहे की तिथेच दम लागतो. १८९५ची ‘एफी ब्रीस्ट’ आधी घ्या.

प्रत घेताना प्रकरणं मोजा. ३६ हवीत. इंटरनेटवर फुकट मिळणारा जुना इंग्रजी अनुवाद संक्षिप्त आहे, आणि फोंटानेत कापलेल्या गप्पा म्हणजे कापलेलं कथानकच.

पहिलं प्रकरण दोनदा वाचा. बाग, झोका, मधोमध सूर्यघड्याळ. मैत्रिणी गूजबेरीच्या साली पुडीत बांधून तळ्यात बुडवतात, आणि एफी सहज म्हणते की बेइमान बायकांनाही असंच बुडवायचे. तिथे पेन्सिलीने खूण करा. सूर्यघड्याळाच्या जागी काय आलं, ते ३६व्या प्रकरणात दिसेल.

१७ वर्षांच्या एफीचं लग्न ३८ वर्षांच्या इनश्टेटनशी होतं. पुढे तिच्या आयुष्यात मेजर क्राम्पास येतो, आणि बरेच वाचक इथे चुकतात: ‘दोघांचं प्रेमप्रकरण झालं कधी?’ फोंटाने ते दाखवतच नाही. १९व्या प्रकरणाच्या शेवटची बर्फावरची घसरगाडी पाहा, मग एफीचे एकटीचे फेरफटके. नवऱ्याची बर्लिनला बदली झाल्याचं कळताच तिच्या तोंडून ‘देवाची कृपा!’ निघतं. कबुली हवी असेल, तर ती हीच.

२७वं प्रकरण घाईत वाचलं तर इनश्टेटन निव्वळ खलनायक वाटतो. क्राम्पासची एफीला लिहिलेली जुनी पत्रं सापडल्यावर तो मित्राला सांगतो की मनात सूड नाही, बायकोवर प्रेमच आहे. तरी क्राम्पासशी द्वंद्वयुद्ध का? कारण आता मित्रालाही कळलंय. गुपित एकट्याचं राहिलं नाही. हा युक्तिवाद सावकाश, ओळ न ओळ वाचावा. त्याची किंमत ३३व्या प्रकरणात कळते, जेव्हा लेक आईला पढवल्यासारखं पुन्हा पुन्हा एकच उत्तर देते: ‘हो नक्की, परवानगी असेल तर.’

यानंतर ‘इरुंगेन, विरुंगेन’ घ्या, छोटी आहे. ‘डेअर श्टेखलिन’ शेवटी ठेवा. तिच्यात एक म्हातारा मरतो आणि दोन तरुण माणसं लग्न करतात, बाकी फारसं काही नाही, असं खुद्द फोंटानेनेच लिहून ठेवलंय.